बाबांच्या खुर्चीची करकर

माझ्या वहीत बाबांचं वेगळं पान आहे. बीपीच्या गोळ्या, डोळ्यांचे थेंब, डॉक्टरांची पुढची तारीख, बाथरूमपुढचं सरकणारं पायपुसणं काढणे. सगळ्यात वर, चौकटीत, लिहिलं आहे: पुन्हा पडायला नको. मागच्या वर्षी ते खापरखेड्याच्या घरी अंगणात पडले आणि उजव्या खुब्याचं ऑपरेशन झालं. सुट्टी देताना डॉक्टर म्हणाले होते, या वेळी निभावलं, पुन्हा त्याच बाजूवर पडले तर मी काही सांगू शकणार नाही.

त्यानंतर मी त्यांना प्रताप नगरला, आमच्या फ्लॅटवर आणलं. सामानाच्या दोन याद्या केल्या: न्यायचं आणि देऊन टाकायचं. झुलती खुर्ची मी दुसऱ्या यादीत टाकली. पडलेल्या माणसाला हलणारी खुर्ची कशाला? बाबांनी चष्मा लावून यादी वाचली आणि वही परत केली.

"ते खुर्ची नाही येत, त मीबी नाही येत," ते म्हणाले. "लिही तसं."

खुर्ची आली.

ती मुळात आमच्या घरी आली तेव्हाच म्हातारी होती. सिव्हिल लाइन्समधल्या एका बंगल्यातलं जुनं सामान निघालं, त्यातून बाबांनी ती उचलली. मी तेव्हा बालवाडीत असेन. अशा खुर्च्यांची हौस साहेबलोकांनी इकडे आणली म्हणतात. इथल्या सुतारांनी ती आपल्या सागवानात उतरवली आणि गादीऐवजी वेत विणला, कारण मे महिन्यात नागपुरात गादीवर कोणी बसून दाखवावं. खाली मुलांच्या झुलत्या घोड्याला असतात तशा दोन वाकड्या पट्ट्या. हातांच्या टोकांवर कितीतरी लोकांचे तळवे घासून तिथलं लाकूड वापरलेल्या साबणासारखं गुळगुळीत झालं आहे. आता लोक अशा खुर्च्या शोधून आणतात आणि दिवाणखान्यात शोभेला ठेवतात, त्यांच्यावर कोणी बसत नाही. मला तिची ओढ कळत नसे. बाबांना विचारलं होतं एकदा.

"साध्या खुर्चीत बसलं का मानूस रिकामा दिसते," ते म्हणाले. "हिच्यात बसलं का काहीतरी चालू हाय असं वाटते."

त्यांनी सगळी नोकरी वीज केंद्रात, टर्बाइनजवळ, शिफ्टमध्ये काढली. त्यांना ते वाटणारच. त्याच टर्बाइनने त्यांचे कानही नेले. आमच्याकडे बातम्या लागल्या की अख्ख्या जिन्याला कळतात. कानात घालायचं यंत्र आणलं, ते डबीत आहे.

खुर्ची करकरायची. पुढे जाताना बारीक, मागे येताना जाड. पहिल्या आठवड्यात मला त्याचा त्रास झाला आणि दुसऱ्या आठवड्यात मी त्यावर विसंबायला लागले. मी एका शाळेचं कार्यालय सांभाळते, बरंच काम दुपारी घरून करते. टेबलाशी बसलेली असले तरी एक कान बाबांच्या खोलीकडे. करकर चालू म्हणजे बाबा ठीक. थांबली तर काठीची टकटक यायची, म्हणजे बाथरूमला निघाले. टकटकही नाही आली तर उठायचं. हे शिकवलं त्यांनीच. लहानपणी सांगायचे, मशीनचा आवाज बदलला का पाहाले जायचं, बंद पडला का धावायचं. उन्हाळ्यात तर मी ऐकण्यासाठी मधूनच कूलर बंद करायची.

"सासरे झुलून राहिले का नाही ते पाहण्यापायी जावई भाजून राहिला," नवरा म्हणायचा.

दिवाळीनंतर खालच्या मजल्यावरच्या काकू आल्या. भल्या बाई. आधी माझी विचारपूस केली, बाबांची केली, चहा घेतला.

"तुमच्या घरी दुपारभर लाकडं चिरतात का वं?" मग म्हणाल्या. "पोरीची परीक्षा हाय. ते म्हणते, छतातून कोणीतरी दात खाऊन राहिलं."

मला फार लाजल्यासारखं झालं. वेत तसाही मधे खचला होता. मी वहीत लिहिलं: खुर्ची. वेत, पॉलिश, आवाज. आणि लाकूडकाम करणाऱ्या मिस्त्रीला फोन केला. तो खुर्ची घेऊन गेला, चार दिवस बाबा प्लास्टिकच्या खुर्चीत पाहुण्यासारखे बसले.

"आवाज पूरा बंद करू का ताई?" मिस्त्रीने फोनवर विचारलं. "जुन्या लकडीचा थोडा राहू देतात लोक."

"पूरा," मी म्हणाले. काम करायचं तर अर्धं कशाला करायचं.

त्याने सांधे उकलून सरस भरला आणि खालच्या पट्ट्यांना सायकलच्या ट्यूबचं रबर चिकटवलं. खुर्ची आली तेव्हा नव्या नवरीसारखी चमकत होती. बाबांनी हात फिरवला, बसले, झुलले. "झकास," म्हणाले. मी तिन्ही कामांवर बरोबरच्या खुणा केल्या.

त्याच दुपारी टेबलाशी बसले आणि मला काही सुचेना. घर गप्प होतं. मी उठून गेले. बाबा झुलत होते. परत आले, दोन अर्ज तपासले, पुन्हा गेले. झुलतच होते. चौथ्या वेळी त्यांनी पेपर खाली केला.

"काहून डोकावून राहिली वं घडीघडी? मी काय दूध हावो का उतू जाले?"

मग मी मोबाइलवर दर पंधरा मिनिटांचा गजर लावला. तो वाजला की पाण्याचा तांब्या, पेपर, काहीतरी निमित्त हातात घेऊन जायचं. आवाज काढून टाकला हे मी बाबांना सांगितलं नव्हतं. त्यांना तो आता ऐकूच येत नव्हता, तर सांगायचं काय? माझ्या यादीत ते काम कुठेच नव्हतं.

डिसेंबरातल्या एका दुपारी मुख्याध्यापिकाबाईंचा फोन लांबला. फोन चालू असताना गजर झाला, मी तो बंद केला. पुढचे दोन्हीही बंद केले. फोन ठेवला तेव्हा चार वाजून गेले होते. मी तांब्या न घेताच गेले.

खुर्ची रिकामी होती. बाबा तिच्यापुढे फरशीवर बसले होते, पाठ बैठकीला टेकवून, उजवा पाय लांब. काठी पलंगाशी, त्यांच्या हातापासून दूर. एका हाताने त्यांनी खुर्चीची खालची पट्टी घट्ट धरून ठेवली होती. चेहऱ्याला घाम होता. डोळे दाराकडे.

"लय टाइम लावला वं आज," ते म्हणाले.

मी खाली बसले. "बाबा, कुठे लागलं? खुबा दुखते का?"

"उठाले गेलो, बूड सरकलं. नवीन वेत हाय ना, गुळगुळीत. हात टेकला म्हणून मनगट चमकून राहिलं. साडेतीन झाले होते, मी घड्याळ पाहिलं."

"मग हाक का नाही मारली?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं जसं काही मीच बहिरी आहे.

"हाक कायले? खुर्ची थांबवली ना. आवाज बंद झाला का तू येतेच. मले काय मालूम नाही? म्हणून त पकडून बसलो, हालली का तुले वाटन चालू हाय."

पाऊण तास ते ती पट्टी धरून बसले होते.

शेजारच्यांच्या मदतीने त्यांना उचललं, दवाखान्यात नेलं, एक्स-रे काढले. खुबा शाबूत होता. मनगटाला बँडेज बांधलं. रिक्षात परत येताना मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सगळं सांगितलं: काकू, मिस्त्री, सरस, रबर.

"चालू मशीनचा अलार्म कोन काढते वं," ते म्हणाले. रागाने नाही. एखाद्या नवख्याला शिफ्टवर विचारावं तसं.

घरी आल्याबरोबर मी भाजीच्या सुरीने दोन्ही पट्ट्यांचं रबर खरवडून काढलं. सांध्यांतला सरस मात्र निघेना. खाली जाऊन काकूंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, पोरगी कानात कापूस घालन. मिस्त्रीला फोन केला.

"आता पुन्हा उकललं त लकडी फाटन ताई," तो म्हणाला. "झुलू द्या रोज. चारसहा महिन्यांत ढिली होते, आपोआप बोलन."

बाबांसाठी बिनतारी घंटी आणली, ती गळ्यात अडकवायची असते. त्यांनी ती खिळ्याला टांगली आहे. "बैल हावो का मी," म्हणतात. म्हणून गजर आहेच, आणि आता मी फोन कोणाचाही असो, अर्धवट ठेवून उठते.

रोज सकाळी चहा झाला की ते खुर्चीत बसतात, बँडेज सुटलेला हात मांडीवर ठेवतात आणि मुद्दाम जोर लावून झुलतात. मी दाराशी उभी राहते. त्यांना ऐकू येत नाही, तेव्हा मलाच सांगावं लागतं.

"आला का?" ते विचारतात.

"नाही अजून," मी मोठ्याने सांगते.

ते मान हलवतात आणि आणखी जोर लावतात.