गेरूनं लिहिलेला आंबा

आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला पहिला मी. त्यामुळे शहराबाहेरच्या मळ्यात सोसायटीचे प्लॉट पडले तेव्हा नियमांचा कागद ओळ न् ओळ वाचणाराही बहुधा मी एकटाच होतो. घराच्या पायाच्या जागेत येतील तेवढीच झाडं तोडायची, बाकीची राखायची, आणि राखायचं झाड गेलं तर त्याच्या जागी दोन लावायची. माझ्या प्लॉटच्या कोपऱ्यात जुना आंबा होता. बायकोनं प्लॉट पसंत केला तोच मुळी त्याच्याकडं बघून.

शेजारचा प्लॉट एका गवंडी मिस्त्रींनी घेतला होता. मुसलमान, माझ्याहून वयानं मोठे, शाळेची पायरी न चढलेले. त्यांच्याकडंही एक आंबा होता, पण ऐन घराच्या जागेत. खरं सांगतो, मला बरं वाटलं होतं. त्यांचा जाणार, माझा राहणार.

लाकूडतोडे येणार त्याच्या आदल्या दिवशी मी गेरू कालवला आणि आंब्याच्या बुंध्यावर वळणदार अक्षरात लिहिलं, 'राख'. दोन बाभळी तोडायच्या होत्या, त्या तशाच सोडल्या. मिस्त्री कुंपणापाशी उभं राहून बघत होते. म्हणाले, त्यास्नी तोंडानं बी सांगा, मास्तर. मी म्हटलं, एवढं लिहिलंय की.

दुसऱ्या दिवशी शाळेतून परत आलो तर बाभळी उभ्या आणि आंबा आडवा.

लाकूडतोड्यांचा म्होरक्या माझ्याकडं बघतच राहिला. "गेरू लागलं ते झाड तोडायचं, पावणं. ठेवायच्या झाडाला कोण रंग लावतंय?"

आणि मिस्त्रींचा आंबा जागच्या जागी. सकाळीच त्यांनी त्या माणसांना पाण्याचा माठ भरून दिला होता आणि त्यांच्या भाकरीची गाठोडी आपल्या हातानं फांदीला अडकवली होती. ज्या झाडाला भाकरी टांगली त्याला ही माणसं कुऱ्हाड लावत नाहीत. मला हे कुठल्या कागदात वाचायला मिळणार? पुढं मिस्त्रींनी घराची भिंतच वाकडी घेतली आणि आंब्याला अंगणात बसवलं.

माझा आंबा हिवाळाभर बंबात जळला. बायको एकदाच बोलली. "तुमीच लिवलंतासा की, राख. झाली."

नियमाप्रमाणं मी दोन कलमं आणली. एक वाळवीनं खाल्लं, दुसरं शेरडांनी. बायको तांदूळ निवडायला मिस्त्रींच्या झाडाखाली जाऊ लागली. त्यांच्या बायकोबरोबर तिचं हसणं माझ्या खिडकीत ऐकू यायचं आणि मी वह्या तपासत बसायचो. त्यांच्या आंब्याला मोहर आला की माझा जीव वरखाली व्हायचा. एका वर्षी जोतिबाच्या डोंगराच्या अंगानं वळीव चढून आला तेव्हा मी मनात म्हटलं, झोडप. त्यानं झोडपलं, आणि पाडाचे आंबे माझ्याच अंगणात येऊन पडले.

सगळे परत नेऊन द्या, असं मी घरात बजावलं. बायकोनं टोपली भरून दिली, एक मात्र ठेवून घेतला. त्याची कोय बंबाच्या राखेच्या ढिगात टाकली, आणि पाऊस लागल्यावर तिथंच तांबूस पानं वर आली. मी उपटायला वाकलो. आपल्या दारात त्यांचं झाड नको होतं मला. बायको मागं उभी होती. म्हणाली, "ह्येला तरी राखा. लिवू नका."

राखलं. काटेरी कुंपण घातलं, रोज पाणी घातलं, आणि लोकांनी विचारलं तर जात कुठली ते सांगितलं नाही. पाच-सहा वर्षांनी पहिली फळं धरली. पिकल्यावर त्यातलं सगळ्यात मोठं घेऊन मी स्वतः मिस्त्रींकडं गेलो. त्यांच्याच झाडाखाली त्यांनी ते कापलं, फोड सालीपर्यंत चोखली, आणि म्हणाले, "आमच्यापरास गोड हाय, मास्तर."

इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच त्यांच्या आंब्याकडं मान वर करून बघितलं. ताठ चालत घरी आलो, बायकोला सांगितलं, आणि दुसरं फळ कापून फोड तोंडात टाकली.

आंबटढाण होती.