दुपट्ट्याची दुसरी किनार

"दोनों तरफ लाल पट्टी," जहीर मास्टर म्हणाले आणि मोबाईल शेठच्या पुढे धरला. "सूत तैयार है. चार बजे गाडी आएगी, बीम भरने भेज देता हूँ."

मी चार पावलांवर कांडी मशीनवर बसले होते. मोबाईल मलाही दिसत होता. दुपट्टा मी ओळखला. दोन्ही बाजूंना लाल नव्हती, एका बाजूला पिवळी होती. पण हे मला कसं माहीत, ते सांगायची सोय नव्हती.

आधी कामाचं सांगते. भिवंडीत ज्यांच्या घरी लूम, म्हणजे यंत्रमाग, नाही त्यांनाही लूमचा आवाज ओळखता येतो, पण कापड कसं होतं ते सगळ्यांना ठाऊक नसतं. कापडात उभे धागे असतात, तो ताणा. आडवे असतात, तो बाणा. बाण्याचं सूत ज्या छोट्या नळीवर गुंडाळतात तिला कांडी म्हणतात. मी कांड्या भरते. ताण्याचं सूत एका मोठ्या लोखंडी रुळावर गुंडाळून येतं, तो बीम; रंग ठरवून तो भरायला पाठवणारे ते मास्टर. दुपट्ट्याच्या दोन्ही कडांच्या पट्ट्या ताण्यात असतात. म्हणून बीम एकदा चुकीचा भरला की त्या बीमवरचे सगळे दुपट्टे चुकीचे. एकही वाचत नाही.

हा दुपट्टा नव्या पिक्चरमधल्या हिरॉइनचा होता. पार्टीने, म्हणजे माल घेणाऱ्या व्यापाऱ्याने, गाण्याची एक छोटी रील शेठला पाठवली होती. पूर्ण गाणं अजून मोबाईलवर आलं नव्हतं. हीच संधी होती. बाजारात जो पहिला दुपट्टा आणील त्याचा खपेल, बाकीचे मागून येऊन पडून राहतील. आमच्या शेडचे सहा लूम दिवाळीपासून निम्मे दिवस बंद असायचे. ही ऑर्डर पास झाली तर सगळे चालणार होते. सगळे लूम चालले तर आम्ही तिघी कांडीवाल्या राहणार होतो. नाहीतर एकीला घरी बसावं लागणार, असं शेठ दोनदा बोलून गेले होते.

आता माझं सांगते. मी दोन-तीन महिन्यांतून एकदा दुपारच्या शोला एकटी टॉकीजमध्ये जाते. हे घरी कुणाला माहीत नव्हतं. आमचे हे काल्हेरच्या गोडाऊनला ड्युटीला असतात. मुलगी शाळेत. घरी टीव्ही आहे, पण त्याच्यावर सासऱ्यांच्या बातम्या. मोबाईल आहे, पण तो हातात घेतला की कुणीतरी विचारतं, काय बघतेस. टॉकीजमध्ये कुणी काही विचारत नाही. अंधार झाला की माझ्याकडे बघणारं कुणी नसतं आणि मी मात्र सगळ्यांकडे बघू शकते. मला माणसांत बोलायला जमत नाही, त्यामुळे मला ते फार बरं वाटतं.

आणि मी कापड बघते. गोष्ट कळत नाही असं नाही, पण नजर आधी कापडावर जाते. मोठ्या पडद्यावर विणीसुद्धा दिसतात. पिक्चरमध्ये गरिबाचं घर दाखवतात, पण चादरीवर नव्या घडीच्या रेघा असतात, म्हणजे ती सकाळीच पाकिटातून काढलेली. पडदे कधी उन्हाने विटलेले नसतात. मला वाटतं, या लोकांनी एखाद्या बाईला विचारायला पाहिजे होतं.

हा पिक्चर मी बुधवारी पाहिला होता. पोटात दुखतंय सांगून अर्धा दिवस सुट्टी घेतली होती. त्यात एका ठिकाणी हिरॉइनची आई तो निळा दुपट्टा दोरीवर वाळत घालते. अख्खा पसरून. एक कड लाल, दुसरी पिवळी, आणि पिवळीच्या आत काळ्या रेघा. रीलमध्ये ते दिसत नव्हतं. मोबाईल उभा, पडदा आडवा, म्हणून रील करणाऱ्याने चित्राच्या दोन्ही बाजू कापल्या होत्या. उरलं होतं दुपट्ट्याचं मधलं अंग आणि एक लाल कड. मास्टरांनी नेहमीच्या सवयीने दुसरी कडही तशीच धरली. दुसऱ्या कुणीही तेच केलं असतं.

साडेतीनला मास्टर चहा घ्यायला बाहेर आले तेव्हा मी उठले.

"मास्टर, दुसरी किनार पिवळी हाय."

"किस की?"

"त्या दुपट्ट्याची. पिवळी, आन आतून काळ्या रेघा."

"रील में तो नहीं है. किसने बोला?"

"कोणी न्हाय. मी पाह्यला."

मास्टर हसले नाहीत. त्यांनी सरळ शेठना हाक मारली. रफीकशेठ आले. ते इथलेच, आमच्याशी मराठीतच बोलतात.

"कुठे पाहिलास?"

"टॉकीजला."

"कधी?"

"बुधवारी."

"बुधवारी तर तुझ्या पोटात दुखत होतं."

बाकीच्या दोघींची मशीनं बंद झाली. लूम चालू असूनही मला ते ऐकू आलं.

"बारापर्यंत दुखत होतं," मी म्हणाले. हे माझ्या तोंडून कसं गेलं मला माहीत नाही.

"कोणाबरोबर गेलेलीस?"

हा प्रश्न पहिल्यापेक्षा कठीण होता. "एकटीच," मी म्हणाले.

शेठनी रील पुन्हा एकदा पाहिली. मग म्हणाले, "काळ्या रेघा किती?"

मला सांगता येईना. रेघा होत्या हे नक्की, पण किती आणि कशा, ते आठवेना. शेठनी पार्टीला फोन लावला. पार्टीने पिक्चर पाहिलाच नव्हता, रील त्याच्या सुनेने दिली होती. तो म्हणाला, जे करायचं ते लवकर करा. शेठनी गाडी परत पाठवली.

"उद्या तुम्ही दोघं पिक्चरला जा," ते म्हणाले. "ड्युटी समजून जा. रेघा मोजून या."

"बीवी को क्या बोलूँ?" मास्टर म्हणाले.

"बोल, पेट में दर्द है."

दुसऱ्या दिवशी मी आणि मास्टर एक खुर्ची मध्ये मोकळी सोडून बसलो. मी ओच्यात हातभर जाड सूत घेतलं होतं. अंधारात लिहिता येत नाही आणि लवकर लिहायला मला उजेडातही जमत नाही. पण कांडी भरणारीला गाठ न बघता मारता येते. बारीक रेघ आली की एक गाठ, जाड आली की दोन लागून लागून, असं मी ठरवलं होतं.

आईचा प्रसंग आला. ती बादलीतून दुपट्टा काढते, झटकते, दोरीवर टाकते. मी बाहेरून आत मोजत गेले. एक, एक, दोन, एक, एक. तेवढ्यात चित्र बदललं. दोरा मी मुठीत घट्ट धरून बसले. बाकीचा पिक्चर मी पाहिलाच नाही.

बाहेर आल्यावर मास्टरांना विचारलं, "तुम्ही किती मोजल्या?"

मास्टर रुमालाने डोळे पुसत होते. "बहन, वो माँ वाला सीन आया ना," ते म्हणाले, "मुझे अपनी अम्मी याद आ गई. दुपट्टा कब आया?"

म्हणजे सगळं माझ्या दोऱ्यावर आलं. शेडवर आल्यावर मास्टरांनी तो दोरा टेबलावर ताणून धरला आणि गाठींवर बोट ठेवत कागदावर रेघा ओढल्या. चार बारीक, मध्ये एक जाड. त्याप्रमाणे बीम भरून आला.

आठ दिवसांनी पूर्ण गाणं मोबाईलवर आलं. शेठनी ते थांबवून थांबवून पाहिलं. रेघा बरोबर होत्या. गाण्यातली पिवळी पट्टी आमच्यापेक्षा बोटभर रुंद होती, ती चूक माझी. पार्टीने तेवढं चालवून घेतलं. बाजारात दुसऱ्या दोघांनी दोन्ही कडा लाल केल्या होत्या. आमचे सहाही लूम चालू झाले आणि आम्ही तिघी राहिलो. त्या दोघी मात्र दर शुक्रवारी, नवा पिक्चर लागला की, विचारतात, "काय गं सुमन, आज पोट कसं हाय?"

गोष्ट शेडमध्ये राहणार नव्हतीच. काल्हेरपर्यंत पोचायला तिला चार दिवस लागले. संध्याकाळी आमचे हे घरी आले, हातपाय धुतले, जेवायला बसले. अर्धं जेवण झाल्यावर म्हणाले, "एकटी जातेस म्हणं पिक्चरला."

मी त्यांना आणखी एक भाकरी वाढली.

"मला का न्हाय नेलं?"

हा एक सोडून बाकी सगळ्या प्रश्नांची उत्तरं मी तयार ठेवली होती.

पुढच्या महिन्यात त्यांना घेऊन गेले. ते सुरुवातीपासून विचारत होते, ही कोण, ती त्याची बहीण का, आता कुठे चालला. मध्यंतरानंतर झोपले. मी त्यांच्या डोक्याचा भार खांद्यावर घेऊन बसले आणि पडद्यावरच्या एका निळ्या साडीचा काठ कसा होता ते शेवटपर्यंत मला नीट पाहता आलं नाही.

आता मी परत एकटी जाते. फरक एवढाच की सांगून जाते. यांना सांगितलं आहे की चांगला पिक्चर नेमका तुमच्या ड्युटीच्या दिवशी लागतो. ते हो म्हणतात. कापडाबद्दल मी एवढं शिकले, की मोबाईलवर एक कड दिसली तर दुसरीबद्दल आपण बोलू नये, आधी जाऊन बघून यावं. आणि जाताना ओच्यात दोरा ठेवावा.