रिलीव्हर मावशी

खांद्यावर हात पडला की उठायचं, एवढाच त्यांचा नियम होता. हात खरखरीत, बोटांना चिकटपट्टीचा वास. मागे वळून बघायची गरज नसे. आपण हातातली वायर तशीच सोडायची, मावशी आपल्या खुर्चीत बसायच्या, आणि आपण परत येईपर्यंत काम जिथल्या तिथे चालू असायचं.

चाकणला गाड्यांच्या वायरींचे जुडगे बांधणाऱ्या कंपनीत मी लाइन लीडर होते, तेव्हाची ही गोष्ट. सरकत्या पट्ट्याला तेवीस जणी बसायच्या. पट्टा थांबवता येत नाही, म्हणून कुणाला बाथरूमला जायचं असेल तर तिच्या जागी बसायला एक बाई ठेवलेली असते. तिला रिलीव्हर म्हणतात. सगळ्या जागांचं काम जिला येतं, तिलाच ते देतात. आमच्या रिलीव्हर मूळच्या लातूरकडच्या, राहायला थेरगावात, पन्नाशी ओलांडलेल्या. त्यांचं नाव कंत्राटदाराच्या कागदावर होतं. आम्हाला त्या मावशी.

पद्धत अशी होती, की जिला जायचंय तिने हात वर करायचा. समोर पुरुष सुपरवायझर उभा. हात वर केला की सगळ्या खात्याला कळायचं. पोरींनी त्यावर स्वतःच उपाय शोधला होता: कंपनीच्या बसमध्ये चढल्यापासून शिफ्ट सुटेपर्यंत पाणीच प्यायचं नाही. फार घसा सुकला तर एक घोट, तोही तोंडात फिरवून. आणि मी? मला याद्यांची हौस पहिल्यापासून. कोण किती वेळा उठलं याचा तक्ता मी ठेवायचे. सगळ्यांत कमी फेऱ्या आमच्या लाइनच्या, म्हणून तो फळ्यावर लावायचे. त्याबद्दल मला शाबासकीही मिळाली होती.

मावशींनी तो तक्ता महिनाभरात निकामी केला. हात वर होण्याची त्या वाटच बघेनात. पहिल्या खुर्चीपासून सुरुवात करून ओळीने एकेकीच्या खांद्यावर हात ठेवत जायच्या.

"मला नाही जायचं, मावशी."

"नको जाऊस. पाणी पिऊन ये."

मी अडवायला गेले तर म्हणाल्या, "लीडरबाई, लाइन थांबलीय का कुठं? मग कशाला मोजायलाव?"

त्यांचा वर्ग डब्याच्या सुट्टीत भरायचा. "पाठीकडून, बरगडीखाली दोघी बसल्यात. दिवसरात्र रगत गाळायल्यात. चांगलं ते माघारी धाडायचं, घाण ते पाण्यासंगं खाली. पाणीच न्हाई दिलं तर त्यांनी काय करावं, माय?" पोरी तोंडाला ओढणी लावून हसायच्या. "हसू नका. रंग बघत जावा. फिक्कट असला तर बरं. चहावानी दिसला की पाणी कमी पडायलंय." कुणी पाठदुखीची गोळी पर्समधून काढली की लगेच, "डॉक्टरनं दिलीय का शेजारणीनं?" लोणच्याची दुसरी फोडही, मिठामुळे, त्यांच्या नजरेतून सुटत नसे.

"मावशी, तुम्ही डॉक्टरच व्हायला पाहिजे होतं," एक जण म्हणाली.

"डॉक्टर व्हायला शिकावं लागतंय बाई. मी नुसती टेबलावर झोपले होते."

ते वाक्य तेव्हा आम्ही थट्टेवारी नेलं. त्याचा अर्थ मला कळला तो माझ्याच पाठीमुळे. लीडरच्या खांद्यावर कोण हात ठेवणार? लाइनवर सगळ्यांत कमी पाणी पिणारी मीच होते. एका दुपारी हुडहुडी भरून ताप चढला, पाठीत उजव्या बरगडीखाली कळ येऊ लागली. मावशींनी कानात एकच प्रश्न विचारला, "जळजळ होती का?" मी मान डोलावली. शिफ्ट सुटल्यावर त्यांनी मला घरी जाऊ दिलं नाही, पिंपरीला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, संसर्ग किडनीपर्यंत चढलाय, वेळेत आलात.

मला सलाइन लावलं होतं. मावशी शेजारी स्टुलावर बसून सांगू लागल्या.

"माझ्या भावाच्या दोन्ही गेल्या होत्या. डायलिसिसवर होता. पाणीसुदिक मोजून. उन्हाळ्यात जिभेवर बर्फाचा खडा धरून बसायचा. मग मी माझी एक दिली त्याला. आता त्याचं झ्याक चाललंय. त्याला तांब्याभर पाणी मिळंना, अन् तुमच्या पोरी भरलेली बाटली तशीच घरी नेतात. राग येणार न्हाई का?"

मला वेगळीच शंका आली. "मावशी, तुम्ही स्वतः कधी जाता?"

"डब्याच्या सुट्टीत."

"फक्त?"

"मला कोण सोडवणार?"

माझ्या तक्त्यात तेवीस खुर्च्या होत्या. मावशींना खुर्ची नव्हती, म्हणून त्यांची ओळही नव्हती. दरवर्षी तपासून घ्या, असं ऑपरेशनच्या वेळी सांगितलं होतं. तेही त्यांनी सोडून दिलं होतं. कंत्राटदाराला समजलं तर नाव कापेल, ही भीती.

बरी झाल्यावर पहिलं काम मी त्यांची तपासणी करून घेण्याचं केलं. रक्तदाब वाढलेला, लघवीतून प्रथिनं जात होती, किडनी किती काम करते ते सांगणारा क्रिएटिनिनचा आकडा किंचित वर. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं: आहे ती एकच आहे. रक्तदाबाची गोळी चुकवायची नाही, मीठ कमी, पाणी वेळेवर, तीन महिन्यांनी परत यायचं. मावशी जिन्यात थांबल्या. त्यांना घाबरलेलं मी तेव्हाच पाहिलं.

"भावाला कळू देऊ नका, लीडरबाई. त्याला वाटंल, त्याच्यापायी झालं."

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावरचा तक्ता काढला आणि चोवीस ओळींची नवी यादी केली. दिवसातून दोनदा मी मावशींच्या मागे जाऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवायचे आणि त्या ज्या खुर्चीत असतील तिथे बसायचे. पहिल्यांदा त्या दचकल्याच. "लीडरनं वायरी बांधायच्या? लोक काय म्हणतील?"

"लाइन थांबलीय का कुठं?" मी म्हणाले.

तोंडाला पदर लावून हसत गेल्या. सुपरवायझर चार दिवस बोलला, मग थकला. दर तीन महिन्यांचा रिपोर्ट मी माझ्या डायरीत उतरवून घ्यायचे. रक्तदाब ताळ्यावर आला, क्रिएटिनिनचा आकडा तिथून पुढे सरकला नाही. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ याद्या केल्या; न हलणाऱ्या आकड्यावर इतका जीव कधी लावला नाही.

पुढे वय झालं म्हणून कंत्राटदाराने त्यांना थांबवलं. भाऊ न्यायला येणार होता. शेवटच्या दिवशी मावशी नेहमीसारख्या पहिल्या खुर्चीपासून निघाल्या. निरोप घ्यावा म्हणून त्यांनी एकीच्या खांद्यावर हात ठेवला. ती सवयीने उठली. दुसरी उठली. तिसरी उठली. "बस गं, बस माय, तसं न्हाई," मावशी म्हणत होत्या, पण पोरी डोळे पुसत उभ्याच. मावशी एकट्या किती खुर्च्यांत बसणार? पट्ट्यावर जुडगे साचले, लाल दिवा लागला आणि लाइन थांबली. इतक्या वर्षांत त्यांच्यामुळे थांबली ती पहिल्यांदाच.

सुपरवायझर रजिस्टर घेऊन माझ्याकडे आला. लाइन थांबली की लीडरने वेळ आणि कारण लिहून सही करायची असते. मी वेळ लिहिली. कारणाच्या रकान्यात लिहिलं: रिलीव्हर नाही.