दुसरीच्या आकड्यावर हात

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच. मानसशास्त्रात बी.ए. केलं, तेही चांगल्या मार्कांनी. हे सांगायला मी लाजत नाही. आमच्या लोणी गावात वडील भेटेल त्याला सांगायचे, "पोरगी काँप्युटरवर मानसांची मनं मोजती." प्रत्यक्षात मी आकडे सांभाळायचे.

प्रयोग पुण्यातल्या एका मॅडमचा होता, मी त्यांच्याकडे कामाला. फायदा-तोटा समोर असताना माणूस निर्णय कसा घेतो, ते बघायचं. लॅपटॉपवर चार चौकोन. एक दाबला की पैसे मिळायचे, कधी मिळालेले जायचे. वर शिल्लक दिसायची: हिरवी म्हणजे कमाई, लाल म्हणजे तोटा. शेवटी हिरवी असेल तेवढी रोख हातात. लाल असेल तर नुसता येण्याचा भत्ता. वाडीवाडीतल्या बायका दोन लॅपटॉपवर दोघी-दोघी एकावेळी खेळायच्या. दोघींच्या शिल्लका माझ्या पडद्यावर दिसायच्या आणि त्या बरोबर नोंदल्या जातात ना, हे मी बघायचं.

भीमाशंकरच्या वाटेवरच्या एका वाडीत, समाजमंदिरात बसलो होतो. आधीच्या वाडीत लाइट गेल्यानं काही नोंदी वाया गेलेल्या. सकाळीच मॅडम फोनवर म्हणाल्या, "आता आणखी खराब झाल्या तर मला दुसरं कुणीतरी बघावं लागेल." तेव्हापासून मी पडद्यावरून नजर काढत नव्हते.

एका मावशींचा खेळ हिरव्यात संपला. शेजारच्या वहिनी मात्र खोल लालमध्ये. मग त्यांचा आकडा वर चढू लागला, एकच चौकोन धरून, सरळ. बरं वाटलं. शिकल्या म्हटलं. मान वर केली, तर वहिनींच्या खुर्चीत मावशी.

"अहो मावशी, तुम्ही इथं कशा?"

"माझं झालं, आन् हिचं लाल व्हतं. म्हनून आले."

"असं नाही चालत. जिनं तिनं आपापलं खेळायचं."

"आवो ताई, भाताची लावनी आमी पडकईनंच करतो. आज सगळ्या हिच्या खाचरात, उद्या माझ्या. हिला चिखलात सोडून मी बांधावर बसू व्हय?"

वहिनी म्हणाल्या, "बसू द्या की त्यास्नी. मला ते यंत्र लई लुटतंय."

मला हसू येईना. शिल्लक हिरवी झाली होती. फाइल बघितली, एकदम स्वच्छ. पुण्यात कुणाला कळलं नसतं. उलट बाई चुकांतून शिकली असंच दिसलं असतं. आणि सांगितलं, तर काम जायचं. वडिलांनी गावभर सांगून ठेवलेलं. पण बाई शिकली नव्हती, तिला मदत झाली होती. एवढा फरक कळत नसेल तर कॉलेजात गेले कशाला?

रेंज फक्त बाहेर चौथऱ्यावर. तिथून फोन लावला, सगळं सांगितलं. मॅडम म्हणाल्या,

"त्या बाईंची नोंद काढून टाक. पैसे दिसतात तेवढे दे."

"आणि माझं काम?"

"कळवते."

पुढच्या बायका खेळत होत्या, मी त्यांचे आकडे बघत होते. मधे उठून चौथऱ्यावर जायचे, फोन बघायचा, परत यायचं. ऊन उतरताना मेसेज आला: "उद्या दोघींच्या मध्ये पडदा लाव." त्यातला 'उद्या' मी पुन्हा पुन्हा वाचला.

आता वाडीत पडदा कुठला मिळायचा? मावशींनी घरून लुगडं आणून दिलं. वर म्हणाल्या, "बांधायला येऊ का दोघी?"

मी म्हटलं, "या."