शाळेतून निघालेला वानोळा

मला राग पटकन येतो, हे आमच्या शाळेतल्या पहिलीच्या पोरांनाही ठाऊक आहे. नालवाडीच्या माझ्या घरून केळझरच्या अलीकडच्या शाळेच्या गावी स्कूटीने पोचेपर्यंत अर्धा राग रस्त्यातल्या खड्ड्यांवर खर्च होतो, उरलेला मी शाळेसाठी राखून ठेवते. त्या हिवाळ्यात मात्र मी भलतीच खुशीत होते. शाळेमागे आमची परसबाग उगवली होती आणि तिच्यातला पालक बघून येणारे-जाणारे थांबत होते.

तो पालक खरं तर एका मुलीसाठी होता. तिसरीतली, काटकुळी, बोलण्यात मात्र कोणाला हार न जाणारी. सावंगीच्या मोठ्या दवाखान्यात तिचं रक्त कमी निघालं होतं. गोळ्या चालू होत्या, पण डाळी, हिरव्या भाज्या पोटात गेल्याच पाहिजेत, असं डॉक्टरांनी तिच्या आईला बजावलं होतं. पोर दमायची. लंगडी खेळताना पहिल्याच फेरीत खाली बसायची आणि वर, मुद्दाम आउट झाले म्हणून सांगायची. आई उजाडताच कापूस वेचायला जाई. एकदा वाटेत तिने माझी गाडी थांबवली.

“मॅडम, मायं काई ऐकत नाई थे. तुमीच खाऊ घाला तिले काई तरी.”

बघतेच, म्हटलं. पण आमच्या स्वयंपाकवाल्या मावशींनी खिचडीत मेथी कितीही बारीक चिरून घातली तरी ही बया एकेक पान शोधून ताटलीच्या काठावर लावायची. कापूस वेचणाऱ्या बाईची लेक, बोटं चालणारच. रागावून पाहिलं, लाडीगोडी लावून पाहिली. शेवटी परसबागेतला पालकाचा वाफा तिच्याच ताब्यात दिला. स्वतः लावलेलं पोरं आवडीने खातात, असं एका प्रशिक्षणात ऐकलं होतं, आणि प्रशिक्षणात ऐकलेलं एखादं तरी खरं निघावं, अशी माझी फार इच्छा आहे.

पालक झकास आला. सोमवारी डाळभाजी करायची ठरली. सोमवारी मी शाळेत पोचले, तर वाफ्याची कोणी हजामत करून गेलेलं. नुसते बुडखे. तेवढ्यात मावशी आल्या.

“मॅडम, ताटल्या नाईत जी. धुऊन ठेवल्या होत्या, अर्ध्या गायब हायेत.”

पालक नेला, वर ताटल्याही नेल्या, म्हणजे चोर जेवणाच्या पूर्ण तयारीने आलेला दिसतो, असं मनात आलं. परिपाठाला मी सगळ्यांना उभं करून विचारलं. हात वर झाला तो त्याच मुलीचा, आणि तोही अभिमानाने.

“मी वाटला जी. वानोळा देला सगळ्यायले.”

आमच्याकडे शेतात, अंगणात काही नवं निघालं की आपण खायच्या आधी थोडं थोडं शेजारीपाजारी पोचतं करतात. तो वानोळा. पोर सकाळी आई कामाला गेल्यावर शाळेत आली होती आणि ताटल्या भरभरून अर्ध्या गावात पालक देऊन आली होती.

“अगं, पण आपल्याला आज डाळभाजी करायची होती ना? तुझ्यासाठीच तर लावला होता.” माझा आवाज चढला होता.

“आमच्या घरी सगळ्यायचा वानोळा येते,” ती म्हणाली. “आमाले वावर नाई, आंगन नाई. आमच्या घरून कोनाकडंच काई जात नाई. म्हून मी देला. आईचं नाव सांगून देला.”

यावर रागवायचं कसं, हे कोणत्याच प्रशिक्षणात सांगितलेलं नाही. मी पोरांना वर्गात पाठवलं आणि मावशींनी नुसती डाळ चढवली.

डाळ शिजत आली आणि ताटल्या परत यायला लागल्या. वानोळ्याचं भांडं कोणी रिकामं परत करत नाही. एकीत मेथी, एकीत वालाच्या शेंगा, कुणाचे टमाटे, कुणाचा सांभार म्हणजे कोथिंबीर, एका काकूंनी तर कोहळ्याची ही भलीमोठी फोड आणली. मावशी चिरत गेल्या आणि डाळीत टाकत गेल्या. जे तयार झालं त्याला नाव नव्हतं, पण वासाने पोरं वर्गात बसेनात.

मला त्या वासाचं काही नव्हतं. ही पोर खाते का, एवढंच बघायचं होतं. ती बसली, आणि तिची बोटं कामाला लागली. मेथी काठावर, वाल काठावर. ताटल्या घेऊन आलेल्या बाया अजून व्हरांड्यातच टेकल्या होत्या. त्यांतली मेथी देणारी म्हातारी म्हणाली,

“पोरी, तुया पालकाचे भजे केले मी. लय चांगला निंगाला. आता मायी मेथी कसी लागली थे सांग.”

वानोळा घेतला की तो कसा लागला हे सांगावंच लागतं, आणि चाखल्याशिवाय सांगता येत नाही. आजवर हे उत्तर तिची आई देत होती. आज वानोळा तिने दिला होता, तेव्हा उत्तरही तिच्याकडेच आलं. तिने म्हातारीकडे पाहिलं, काठावरची मेथी उचलून तोंडात घातली आणि डोळे मिटून चावली.

“कडू हाये,” ती म्हणाली. “पन चांगली हाये.”

“अन् माये वाल?” दुसरीने लगेच विचारलं. मग टमाटेवाली, मग कोहळंवाल्या काकू. पोर एकेकीला उत्तर देत गेली आणि ताटली साफ झाली. मला इतका आनंद झाला की मी मावशींकडे दुसऱ्यांदा भात मागितला.

दुसऱ्या दिवशी तिची आई रस्त्यात उभी होती. मी गाडीवरूनच सांगितलं, लेकीने मेथी खाल्ली, वालही खाल्ले. ती हसली, मग पदराने डोळे पुसायला लागली.

“काल सांजच्याले बाया घरी आलत्या, मॅडम. तुया पालक लय चांगला होता म्हने. आजपावतर लोकायची भाजी कसी लागली थे मीच सांगत आली. मले कोनी पयल्यांदा सांगतलं.”