अण्णांचं एरंडेल

ज्या दिवशी माझ्या वडिलांचं पोट साफ व्हायचं होतं, त्या दिवशी ते माझं झालं.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. नाशिकजवळ मखमलाबादच्या बाजूला त्यांचा छोटा मळा होता. झेंडू, मेथी, कोथिंबीर पिकवायची आणि पहाटे बाजारात नेऊन विकायची, यात त्यांचा जन्म गेला. मी बँकेत कारकून. शहरात दोन खोल्या भाड्याने घेऊन बायकोबरोबर, म्हणजे लताबरोबर राहत होतो. गोष्ट ऐंशी साल उलटल्यानंतरची. त्याच्या आदल्या उन्हाळ्यात माझे थोरले काका आतड्याच्या कॅन्सरने गेले होते. शौचातून रक्त पडायचं, तर काका मूळव्याध समजून सुरण खात बसले. डॉक्टरांकडे नेलं तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

आणि दिवाळीनंतर एकदा जेवता जेवता अण्णा सहज म्हणाले, "मला बी अधूनमधून पडतं रक्त. उष्णता हाय अंगात."

दुसऱ्याच दिवशी मी आणि लता त्यांना आमच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेलो. बाई शांत स्वभावाच्या. त्यांनी सगळं नीट समजावून सांगायला घेतलं.

"एक म्हणजे शौचाची तपासणी. काही दिवस मटण, मुळा, बीट बंद ठेवायचं आणि नमुना डबीतून आणून द्यायचा."

"डबी घिऊन मी सिटी बसनं यायचं?" अण्णा म्हणाले. "अन् शेजारच्यानं इचारलं, अण्णा, डबीत काय हाय, तर काय सांगू? तंबाखू? त्यो तर चिमूटभर मागंल!"

बाई हसू दाबत म्हणाल्या, "तशी ती तुम्हाला नकोच. ती न दिसणाऱ्या रक्तासाठी असते, तुमचं तर दिसतंय. दुसरा बेरियमचा एक्स-रे. खालून पांढरं औषध आत सोडतात आणि फोटो काढतात."

"चुना मारल्यावानी?"

"साधारण तसंच. पण बारीकसारीक गाठ त्यात सुटू शकते. आणि सापडली तरी काढायला पुन्हा दुर्बीण लागतेच. म्हणून मी म्हणते, सरळ दुर्बिणीनेच बघू. लांब मऊ नळी असते, टोकाला दिवा."

"घालत्यात कुठून?"

बाईंनी सांगितलं. अण्णा उठले आणि दाराबाहेर जाऊन चपला शोधायला लागले.

मी समजुतीचं मोठं भाषण केलं. (बँकेच्या युनियनमध्ये माझी भाषणं गाजायची. अण्णांवर एकाचाही परिणाम झालेला मला आठवत नाही.) शेवटी लता दारात जाऊन हळूच म्हणाली, "मामंजी, थोरल्या मामंजींना वेळेवर कुणी विचारलं असतं, तर ते नाही म्हणाले असते का हो?"

अण्णा एक चप्पल पायात घालून तसेच उभे राहिले. मग ती काढून आत आले.

दुर्बीण घेऊन मुंबईहून एक डॉक्टर दर रविवारी नाशिकच्या एका खाजगी दवाखान्यात यायचे. शनिवारी मी अण्णांना घरी आणलं. दिवसभर फक्त भाताची निवळ, शहाळ्याचं पाणी आणि बिनदुधाचा चहा, असा हुकूम होता. "तू जेवणार अन् मी बघत बसणार व्हय?" असं अण्णांनी विचारल्यामुळे मीही निवळच पीत होतो. खरी अडचण पुढे होती. दुपारी एरंडेल प्यायचं होतं!

"एरंडेल सोडून काय बी दे," अण्णा म्हणाले. "लहानपणी आईनं नाक दाबून पाजलं होतं. आजून वास जात नाय डोक्यातनं."

मी स्वयंपाकघरात जाऊन लताला माझी योजना सांगितली. दोन सारखे पेले. एकात आलं-लिंबू घालून एरंडेल, दुसऱ्यात नुसतं लिंबाचं सरबत. मी त्यांच्यासमोर गटागट प्यायचं, की तेही पितील.

"अहो, म्हाताऱ्या माणसाला फसवता?"

"फसवणूक नाही गं, मानसशास्त्र आहे!"

नाखुशीने तिने दोन्ही पेले ताटलीत ठेवले आणि म्हणाली, "डावीकडचा मामंजींचा." मी ताटली उचलली, बाहेर नेली आणि अण्णांसमोर ठेवताना अदबीने त्यांच्याकडे फिरवली. इथे माझं मानसशास्त्र पक्कं होतं, भूगोल कच्चा निघाला.

"बघा अण्णा, मीही घेतो. नुसतं सरबत आहे हो!" असं म्हणून मी मोठा घोट घेतला.

ते सरबत नव्हतं. ते काय होतं हे जिभेला कळायच्या आधी पोटाला कळलं. जाड, कोमट, बैलगाडीच्या चाकाला घालायच्या लायकीचं! पण ओरडणार कसा? आत्ताच तर मी सरबत म्हणालो होतो. शिवाय मला वाटलं, लताने मला अद्दल घडवायला दोन्ही पेल्यांत एरंडेल घातलंय. ठीक आहे, अण्णांच्या पोटात तर जातंय! डोळ्यांतून पाणी येत असताना मी हसरा चेहरा करून पेला रिकामा केला. अण्णांनीही केला.

"आरं, खरंच सरबत हाय की! आन आजून थोडं."

काय हा माणसाचा निग्रह, असं मनात म्हणून मी त्यांना जवळजवळ नमस्कार करणार होतो.

आमचा संडास अंगणाच्या टोकाला, आमच्यात आणि शेजारच्या साळवे गुरुजींच्यात एकच. गुरुजी शाळेत गणित शिकवायचे. माणूस फार सज्जन. "आज दुपारपासून संडास अण्णांचा!" असं त्यांनी आधीच जाहीर केलं होतं आणि दोन बादल्या स्वतः भरून ठेवल्या होत्या. थोड्या वेळाने माझ्या पोटात लग्नाच्या बँडची तयारी सुरू झाली आणि मी त्या बादल्यांकडे धाव घेतली.

बाहेरून गुरुजींचा प्रेमळ आवाज आला, "कसं काय अण्णा? मोकळं वाटतंय ना?"

"मी आहे, गुरुजी."

"तुम्ही? मग अण्णा?"

"ते ओट्यावर बसलेत."

मग लताचा आवाज आला. "अहो, कुठला पेला प्यायलात?"

"उजवीकडचा!"

"तुमच्या उजवीकडचा की माझ्या?"

मी आत बसल्या बसल्या मनात ती ताटली पुन्हा फिरवून पाहिली. तेवढ्यात ओट्यावरून अण्णांचं हसू ऐकू आलं. काका गेल्यापासून ते एवढं मोठ्याने हसले नव्हते.

औषध ज्याच्या पोटात जायचं त्याच्या गेलं, प्रकरण मिटलं, असं अण्णांनी ठरवलं. मी पुन्हा पुन्हा अंगण ओलांडत होतो तोवर साळवे वहिनींनी उपाशी म्हाताऱ्याला ताट वाढलं. एरंडेलाची बाटली रिकामी, अण्णांचं पोट भरलेलं आणि मी भिंतीला धरून चालतोय, अशी आमची दुर्बिणीची तयारी झाली.

रविवारी सकाळी मुंबईच्या डॉक्टरांनी अण्णांना विचारलं, "काल काय घेतलं?"

"पिठलं-भाकरी. अन् कांदा."

"आणि एरंडेल?"

"ते ह्यानं घेतलं."

डॉक्टरांनी चष्मा काढून आधी अण्णांकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. मी माफी मागून पुढचा रविवार मागत होतो, तेवढ्यात लता म्हणाली, "डॉक्टर, यांनाच तपासा. यांनाही रक्त पडतं."

मी गारच पडलो. "तुला कोणी सांगितलं?"

"कपडे मी धुते."

"अगं, ते मूळव्याधीचं..." मी म्हणालो आणि थांबलो. हे वाक्य काकांचं होतं. अगदी त्याच सुरात ते मी त्यांच्या तोंडून ऐकलं होतं. अण्णांनीही ऐकलं असणार, कारण त्यांचं हसू कुठल्या कुठे गेलं.

"काका कसे गेले?" डॉक्टरांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी नर्सला एनिमाची तयारी करायला सांगितलं.

मी म्हणालो, "पण मी तर पेशंटला घेऊन आलोय!"

"अशोक," अण्णा म्हणाले, "चपला काढ अन् गुमान झोप."

त्या नळीचं वर्णन मी करत नाही. दंडात इंजेक्शन दिलं होतं, त्यामुळे थोडा अंमल होता आणि अब्रूची काळजी उरली नव्हती. आत वाटाण्याएवढा एक मांसाचा कोंब सापडला. डॉक्टरांनी तारेच्या फासाने तिथल्या तिथे तो काढला आणि तपासायला पाठवला. तो निकाल येईपर्यंतचे दिवस मात्र विनोदी नव्हते. अण्णा रोज बाजार उरकून आमच्याकडे यायचे, काही न विचारता कोथिंबिरीची जुडी ठेवून जायचे. आमच्याकडे एवढी कोथिंबीर झाली की साळवेंकडेही वड्याच वड्या झाल्या.

निकाल चांगला आला. कॅन्सर नव्हता. पण ठेवला असता तर काही वर्षांनी झाला असता, असं डॉक्टर म्हणाले. अधूनमधून येऊन तपासून घ्या, एवढंच.

त्यानंतरच्या रविवारी अण्णांची पाळी होती. आदल्या दिवशी त्यांनी स्वतः पेला मागितला, नाक दाबलं आणि एका दमात रिकामा केला. माझं मानसशास्त्र कुणी विचारलंही नाही. दुर्बिणीतून काय निघालं? खरोखरची मूळव्याध!

दुसऱ्या दिवसापासून अण्णांनी बाजारात सांगायला सुरुवात केली, "पोराला दुर्बिणीला मी नेलं, म्हनून वाचला." मग पोटाची तक्रार असलेला जो तो माझा पत्ता विचारत बँकेत यायला लागला. गिऱ्हाईक खिडकीतून पासबुक आत सरकवायचं, मान आत घालायचं आणि कुजबुजायचं, "साहेब, ते एरंडेल कितपत प्यायचं?" मागे रांग खोळंबायची. मीही हातातलं काम सोडून डबी, बेरियम आणि दुर्बीण यांतला फरक समजावून सांगायचो. मॅनेजरसाहेब सुरुवातीला चिडले, आणि नंतर एक दिवस त्यांनी स्वतःच मला केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं.

माणसाने आयुष्यात एखाद्या विषयात तरी नाव काढावं, असं म्हणतात. मी काढलं. फक्त तो विषय अजूनपर्यंत मला कुणी जेवताना काढू दिलेला नाही!