दोन वाटांना दोन हार

माझी नात दाक्षायणी नेमकं काय काम करते, हे आमच्या मैंदर्गी गावात कुणाला धड सांगता येत नाही. तिची आई सांगते, "सोलापुरात दवाखान्यात आहे." ऐकणाऱ्याला वाटतं, नर्स. सणाला पोरगी घरी आली की बायका तिला गुडघे दाखवायला येतात. तीही गुडघा दाबून बघते, म्हणते, "काकू, जरा वजन कमी करा की," आणि आपल्या कामाला लागते. लहानपणापासून अशीच. कुणाला वाईट वाटू द्यायचं नाही, पण आपला हेका सोडायचा नाही.

खरं काम असं. त्या मोठ्या दवाखान्यात हाडांचे, डोक्याचे, पोटाचे फोटो दिवसभर निघत असतात. एका थंडगार खोलीत लोखंडी कपाटं आहेत, त्यांत ते सगळे साठवतात. डॉक्टरनं खाली बटण दाबलं की फोटो त्याच्या पडद्यावर हजर. कपाटं आणि कॉम्प्युटर यांच्यामध्ये खास ह्याच ये-जासाठी तारांचं एक जाळं आहे. तारा काचेच्या, केसाएवढ्या, वरून आकाशी रंगाचं वेष्टण. त्यांतून वीज नाही, उजेड पळतो. हे जाळं सांभाळणारी आमची दाक्षू.

मी एकदा विचारलं, "त्यात सांभाळायचं काय? सोडला उजेड, गेला फोटो."

"तसं नाही अज्जा. रुद्रप्पाअज्जांचा स्लॅब आठवतो?"

न आठवून काय करतो! रुद्रप्पा माझा धाकटा भाऊ. त्याच्या स्लॅबला भरली घमेली वर चालली होती, रिकामी खाली येत होती. खालच्या गड्यानं किती पाठवायची? रिकामी परत येतील तेवढीच. वरच्याचे हात गुंतलेले असताना पाठवलं, तर माल अंगावर. रुद्रप्पाच्या मेहुण्यानं अशीच घाई केली आणि कान सिमेंटनं भरून घेतले. त्याच कानांनी संध्याकाळी वरातीत वाजंत्री ऐकायला गेला, पण ते असू दे.

तर तारेतही तीच रीत. फोटो अखंड जात नाही, त्याच्या छोट्या छोट्या राशी करतात. पलीकडून 'जागा झाली' असा इशारा आला, की पुढची रास सुटते.

"आणि वाटेत सांडली तर?"

"रजिस्टर पोस्टासारखी सेवा असते, दर राशीची पोच देणारी. आमच्याकडची साध्या कार्डासारखी. वाटेत पोच नाही, म्हणून जलद. फोटो मागणारं यंत्रच शेवटी बघतं, पुरतं आलं का. नसलं तर परत मागतं."

"तारच तुटली तर?"

"म्हणून तर वाटा दोन. पार वेगळ्या. एक गेली तरी दुसरी आहे."

मला हे इतकं आवडलं, की पुढचे कितीतरी दिवस पारावर दुसरा विषय नव्हता.

आता खंडेनवमीचं ऐका. आमच्या भागात त्या दिवशी, ज्यावर पोट त्याची पूजा. नांगर, माग, रिक्षा, शिलाई मशीन, सगळं. यंदा दाक्षूनं मला पूजेला बोलावलं. पूजा करणार शिवयोगी. हा दवाखान्याच्या देखभालीचा माणूस. अर्धं आयुष्य अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर गेलेलं. दाक्षू त्याला बजावून गेली, "मामा, पाणी शिंपडायचं नाही, कुंकू उडवायचं नाही." मला खोलीत हुडहुडी भरली, म्हणून मी बाहेर बाकावर. आतून शिवयोगीचं "हर हर महादेव" ऐकू येत होतं. झकास चाललं होतं.

दाक्षू परत आली आणि फोन वाजला. खाली ऑपरेशनच्या खोलीतली पिंकी. मोहोळकडचा एक गडी तोरणाला डहाळे काढताना आंब्यावरून पडला होता. कमरेचं हाड फुटलेलं, आत रक्त साठतंय. तुकडे कुठं कुठं गेलेत ते दिसल्याशिवाय डॉक्टर हात घालणार नाहीत, आणि फोटो काही केल्या पुरता उघडेना.

दाक्षूनं आपल्या पडद्यावर पाहिलं. राशी खराब होऊन पोचत होत्या, परत मागवल्या जात होत्या, पुन्हा खराब. सगळी गर्दी तुंबलेली, आणि तीही दोन्ही वाटांवर.

"अज्जा, दोन्ही एकदम कशा आजारी पडतील हो?"

फोनवर आता डॉक्टर. "सगळं बंद करून पुन्हा चालू करा!"

"सर, कपाटं उठायला वेळ लागेल. आत्ता थेंब थेंब येतंय, तेही थांबेल."

ती आत धावली, मागोमाग मी. कपाटांच्या मागच्या बाजूला, दोन्ही वाटांच्या तारांवर, झेंडूचे दोन टपोरे हार.

"मामा, हे काय?"

"हार की."

"दोन्हीकडं?"

"मग? एकीला घालायचा आन् दुसरीला न्हाय? जावाजावांत असं केलं तर घर ऱ्हातंय व्हय? आन् तारा लई सैल लोंबत हुत्या. दुमडून हाराच्या दोऱ्यानं आवळून टाकल्या."

मागावर सैल धागा म्हणजे वाटोळं; त्याचा हात सवयीनं चालला. पण ह्या तारा मुद्दाम सैल ठेवतात. करकचून दुमडली की उजेड वळणावरच बाहेर सांडतो.

"सोडा मामा, आधी सोडा."

शिवयोगी कपाटापुढं हात पसरून उभा. "उत्तरपूजा झाल्याबिगर हात लावायचा न्हाय. आमच्या मागाला कुणी लावला न्हाय कदी."

"खाली माणूस पडलाय हो!"

"मला काय हौस हाय का? पर रीत हाय."

दाक्षूचा चेहरा उतरला. ढकलून पुढं जाणारी ती नव्हे. मग मीच म्हटलं, "शिवयोगी, गणपती दीड दिवसाचा चालतो. मग ही पूजा दीड तासाची चालायला काय हरकत आहे?"

शिवयोगीनं पसरलेले हात खाली घेतले. "चालंल की," म्हणाला, आणि खिशातून अक्षता काढल्या.

अक्षता पडल्या तशी दाक्षू म्हणाली, "मामा, तुम्हीच सोडा. गाठी तुमच्याच आहेत. पण आधी ही एकच बाजू. दुसरीला हलवू नका, ही सोडताना थेंब थेंब येईल तो त्याच वाटेनं."

विणकराची बोटं ती. तारेला हिसका न बसता गाठी एकेक सुटल्या. दाक्षूनं तार हळूच मोकळ्या वळणात सोडली, आणि पडद्यावरची लाल रेघ हिरवी झाली. तुंबलेलं सगळं त्या वाटेनं धावत सुटलं.

फोन आला. पिंकी ओरडतच होती, "ताई, आलं! सगळे तुकडे दिसतायत! सर आत गेले."

मग दुसरी बाजू. शिवयोगीनं तिची उत्तरपूजा वेगळी केली. जावांचा प्रश्न होता.

संध्याकाळी कळलं, गडी शुद्धीवर आला, जिवाचा धोका टळला. शिवयोगीनं वर बघून हात जोडले, मग दाक्षूकडं वळला.

"बघा ताई, म्हणलं नव्हतं? पूजा पावली की."

दाक्षू हसता हसता माझ्या शेजारी बाकावर बसलीच.